दूरच्या ठाण्याचं उघडं दार

टायपिस्टाच्या बोटांचं कचेरीत सगळ्यांना कौतुक होतं. साहेब आपली पत्रं टेपवर बोलून ठेवायचे, आणि हा कानाला यंत्र लावून ती कागदावर उतरवायचा. साहेब मधे खोकले तर तेवढं गाळायचं, बाकी ऐकलं तसं टाइप करायचं. डोकं चालवायचं नाही. "तुझं डोकं तुझ्याकडेच ठेव, मला बोटं दे," असं साहेब म्हणायचे, आणि त्याला त्याचं वाईटही वाटायचं नाही. स्वभावच तसा होता. जेवायला बसला तर ताट वाढलं जाईपर्यंत पाण्याचा तांब्यासुद्धा आपणहून उचलायचा नाही.

घरात दोघंच. तो आणि त्याची थोरली ताई. बाहेरच्या खोलीत टीव्ही, टाइपरायटर आणि त्याची खाट. आतल्या खोलीत चूल, ताईचं अंथरूण आणि ताईचं राज्य. ताई कोपऱ्यावरच्या शिवणवालीकडे काजं-बटणं करायला जायची. ताईचं लग्न झालं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा लांब कामाला गेला तो गेलाच, हेही ठाऊक होतं. कुणी फार खोलात शिरलंच तर ताई म्हणायची, "मीच हाकलला. घोरायचा फार." हे असं काही तोंड करून म्हणायची की विचारणारी हसत सुटायची आणि विषय तिथेच संपायचा. टायपिस्टही इतकी वर्षं तेच खरं धरून चालला होता. घोरायचा माणूस, गेला, सुटलो.

त्या दिवसांत रविवारी सकाळी टीव्हीवर 'दूरचं ठाणं' नावाची मालिका लागायची. आकाशात कुठेतरी लांब एक ठाणं, तिथे एक कप्तान, कप्तानाची बायको आणि लोखंड्या नावाचा एक यंत्रमानव. कप्तान दर आठवड्याला एका नव्या ग्रहावर जाऊन संकटात सापडायचा. ग्रहावरचे दगड थर्माकोलचे होते, हे कप्तान धडपडला की कळायचं, कारण त्याच्याबरोबर दगडही उडायचे. लोखंड्याच्या छातीवरची बटणं म्हणजे कपाटाच्या मुठी होत्या. पण लोकांना त्याचं काय! रविवारी त्या वेळेला रस्त्यावर कुत्रं फिरत नसे.

गल्लीच्या तोंडाशी एक छापखाना होता. त्याच्या मालकानं या मालिकेवरून कादंबरी काढायचं ठरवलं. मालिकावाल्यांची परवानगी घेतली. त्यांनी प्रत्येक भागाचा एक कागद पाठवून दिला, कोण कुठे गेलं नि कोण मेलं एवढंच लिहिलेला. बोलणी टीव्हीवरूनच घ्यायची. मालकानं टायपिस्टाला बोलावलं.

"मी काय लेखक आहे?" टायपिस्ट म्हणाला.

"म्हणून तर तुला बोलावलं. लेखकाला सांगितलं तर तो विचार करत बसेल. तू ऐकतोस आणि बडवतोस. मला तेच पाहिजे. आणि हे बघ, पुस्तक जाड झालं पाहिजे. हातात धरल्यावर वजन लागलं पाहिजे."

झालं. रविवारी टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर टेपरेकॉर्डर. त्याची दोन बटणं एकदम दाबायची की लाल दिवा लागायचा. मग घरात टाचणी पडली तरी टायपिस्ट डोळे वटारायचा. पण ताईला गप्प बसवणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाला हात दाखवण्यासारखंच.

"ताई, गप्प बस ना! टेप चालू आहे."

"मग असू दे की. मी काय त्या कप्तानाला ऐकू जाणार आहे?" आणि लगेच पडद्याकडे बघून, "अरे, मागे बघ, मागे! डोळे काय खिशात ठेवलेत?"

सोमवारी कचेरीतून आल्यावर टायपिस्ट टेप लावून टाइप करायला बसला. बोटांना काय, जे कानात येईल ते बोटांतून उतरायचं. पानं मालकाकडे गेली. मालक वाचता वाचता पोट धरून हसायला लागला.

"'डोळे काय खिशात ठेवलेत?' हे लोखंड्या म्हणतो? मालिकेत नव्हतं हे!"

टायपिस्टानं खिशातलं पेन काढलं. "चुकून आलं असेल. खोडतो."

"खोडतो काय! खबरदार. असंच आणखी येऊ दे."

असं ते सुरू झालं. पुढच्या रविवारी टायपिस्टानं ताईला "गप्प बस" म्हटलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तिची खुर्ची स्वतःच टेपच्या जवळ सरकवली. मग तर चहासुद्धा तोच करायला लागला, म्हणजे ताई उठून आत जायला नको. ताईला वाटलं, भावाला आपली माया आली. शिवणवालीकडे सांगत सुटली, "अहो, बसल्या जागी चहा देतो हो मला! त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं, ताप नाही ना म्हणून." हे टायपिस्टाच्या कानावर आलं तेव्हा त्याला कसंनुसं झालं. पण पानं चांगली उतरत होती, आणि मालक "वा रे पठ्ठ्या" म्हणत होता. त्याला जन्मात कुणी वा म्हटलं नव्हतं.

मग तो एक रविवार आला. त्या भागात कप्तान बेपत्ता होतो. पडद्यावर कप्तानाची बायको ठाण्याच्या दाराशी उभी होती, नुसती उभी. तिला त्या मालिकेत बोलायला फारसं नसायचंच. मधे जाहिराती लागल्या. टायपिस्ट चहा टाकायला आत गेला. टेप चालूच राहिली.

ती टेप त्यानं सोमवारी ऐकली. आधी साबणाची जाहिरात, मग ठाण्याचं घूंऽऽ असं संगीत, आणि त्यात ताईचा आवाज. नेहमीचा नाही. हळू, शेजारी बसलेल्या बाईशी बोलावं तसा.

"कडी लावू नकोस गं बाई. मीही नाही लावायचे. हा माझा भाऊ ओरडायचा, ताई, कडी विसरलीस म्हणून, आणि उठून लावायचा. तो झोपला की मी उठून परत काढायचे. आलाच कधी, तर दार वाजवायची लाज वाटायची त्याला. तेवढ्यासाठी माघारी फिरला असता तर?"

मग कपाचा आवाज, आणि त्याचा स्वतःचाच, "साखर बघ गं पुरेशी आहे का."

टायपिस्टानं टेप थांबवली. त्याला ती कडी आठवली. किती वर्षं तो रोज ती लावत आला होता, आणि रोज तणतणला होता. "या घरात एक दिवस चोर शिरणार, मग कळेल." ताई म्हणायची, "विसरले बाई," आणि कूस बदलायची. तो आपला शहाणा, दाराची कडी लावून निवांत घोरत पडायचा.

आता इथे थांबावं की नाही माणसानं? ताई ते त्याला बोललीच नव्हती. तो आत गेल्यावर, त्याची पाठ वळल्यावर बोलली होती, तेही टीव्हीतल्या बाईला. टेप पुसून टाकायला तीच दोन बटणं पुरे होती. त्यानं बोटं ठेवलीही त्यांवर. पण त्या भागाचा मालिकावाल्यांचा कागद समोर होता आणि त्यात एवढंच होतं, 'बायको वाट पाहते.' एका ओळीत काय जाडी येणार! बोटं बटणांवरून उचलली आणि टाइपरायटरवर ठेवली.

त्यानं सगळं उतरवलं. कडीच्या जागी ठाण्याच्या दाराचा खटका केला. भावाच्या जागी लोखंड्या बसवला, रोज खटका लावून जाणारा. 'लोखंड्याला वाटे, बाई विसरतात. त्याच्या पत्र्याच्या डोक्यात दुसरं काही येत नसे.' हे वाक्य मात्र त्याचं स्वतःचं होतं.

मालिका संपली तशी कादंबरी बाजारात आली. वर चकचकीत चित्र, आत टायपिस्टाचं नाव. मालिकेत कप्तान शेवटी परत येतो, म्हणून पुस्तकातही येतो. तशी अटच होती. पुस्तक खपलं. आणि लोकांच्या तोंडी एकच, ते दाराचं पान. कचेरीतले साहेबसुद्धा म्हणाले, "आमच्या सौभाग्यवती त्या खटक्यापाशी रडल्या हो." टायपिस्टाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली बघत "हो का" एवढंच म्हणाला. लोकांना वाटलं, केवढा विनय!

ताईनं तर पुस्तकाला कव्हर घातलं. अक्षरओळख होईपर्यंत ती शाळेत बसलेली, शिक्षण तेवढंच. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत ती रोज एक पान वाचायची. जास्त नाही.

"एवढं काय वाचतेस? बघितलीच आहेस ना मालिका," टायपिस्ट म्हणायचा.

"माझ्या भावानं लिहिलंय. तुला काय त्याचं?" आणि मधेच खुदकन हसून, "अरे, हे तर मी म्हटलेलं! डोळे खिशात! चोरटा कुठला."

ती हसून म्हणायची आणि तो उठून बाहेर जायचा. वाचून झालं की ताई पानात दोऱ्याचा तुकडा खूण म्हणून घालून ठेवायची. रोज कचेरीतून आला की तो आधी दोरा कुठवर सरकलाय ते बघायचा. दोरा ठाण्याच्या दाराकडे चालला होता, मुंगीच्या पावलानं, पण चालला होता. सांगून टाकावं असं रोज ठरवायचा. चपला काढेपर्यंत ठरलेलं असायचं, हातपाय धुवून येईपर्यंत विरघळायचं.

शेवटी त्यानं जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. दाढीचं पातं घेतलं आणि ते पान शिवणीपासून हलकेच कापून काढलं. इतकं सफाईनं की पुस्तकाला कळू नये. फाडून टाकायला मात्र हात धजेना. घडी घातली आणि टेपांच्या खोक्यात तळाशी ठेवली. त्याला वाटलं, ताई सावकाश वाचते, एका पानानं काय बिघडतंय. पण भरभर वाचणाऱ्याचं एक पान निसटेल, ओळीखाली बोट ठेवून वाचणाऱ्याचं कसं निसटावं! तिच्या बोटाला लगेच ठेच लागली.

शनिवार होता, कचेरी अर्धा दिवस. टायपिस्ट दुपारी घरी आला तर फळीवर पुस्तक नव्हतं. ताई कामावर. पुस्तकही कामावर! तो उलट्या पावली निघाला. वाटेत काय सांगायचं ते जुळवत गेला आणि किल्ली विसरलो म्हणायचं ठरवलं. किल्ली खिशात खुळखुळत होती.

शिवणवालीच्या खोलीत एरवी मशिनींच्या आवाजात आपलं बोलणं आपल्याला ऐकू यायचं नाही. आज सगळं गार. बायका मांडीवर कापडं टाकून बसलेल्या, आणि शिवणवाली चष्मा नाकावर ओढून आपल्या प्रतीतून मोठ्यानं वाचत होती. ताई खिडकीशी बटण लावत होती. तिचं कव्हर घातलेलं पुस्तक बाजूला उघडं पडलं होतं, कापलेल्या जागी.

"...'आलाच कधी, तर दार वाजवायची लाज वाटेल त्याला. तेवढ्यासाठी माघारी फिरला तर?'" शिवणवाली थांबली. तिनं चष्मा काढून पुसला. एक बाई नाक ओढत म्हणाली, "आणि तो मेला लोखंड्या! रोज जाऊन खटका लावतो. अक्कल नाही का त्याला?"

"यंत्राला कुठली अक्कल," दुसरी म्हणाली.

ताईची सुई चालत होती.

तेवढ्यात शिवणवालीचं लक्ष दाराकडे गेलं. "अगंबाई, लेखकच आले की! या, या. अहो, तुमच्या ताईच्या पुस्तकातलं हेच पान नाहीये बघा. छापखान्याचा गलथानपणा, दुसरं काय. ते जाऊ द्या, पण हे तुम्हाला सुचलं कसं हो? बायकामाणसाच्या पोटातलं इतकं!"

सगळ्या त्याच्याकडे बघायला लागल्या.  हे माझं नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न कुणाचं, आणि मग ताई तिथे सगळ्यांच्या देखत उघडी पडणार. माझंच म्हणावं, तर ती समोर बसली आहे. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, पण शिवणवालीच्या खोलीला फरशी होती, पक्की.

"मला... म्हणजे मी ते..."

"त्याला काय सुचतंय, डोंबल!" ताई दोरा दातानं तोडत म्हणाली. "टीव्हीतच होतं ते. यानं आपलं उतरवलं."

"नव्हतं हो ताई. मी एक भाग चुकवला नाही."

"मग तुमचा डोळा लागला असेल. परवा नाही का, मशिनीवर बसल्या बसल्या डुलकी काढलीत आणि बाही गळ्याला शिवलीत?"

बायका खदखदून हसल्या. शिवणवालीही हसली. विषय संपला, जसा ताईच्या नवऱ्याचा संपायचा तसाच, त्याच तोंडानं, त्याच हातोटीनं. टायपिस्टानं ती हातोटी आजवर हजारदा बघितली असेल. तिच्यामागे काय असतं ते आज पहिल्यांदा बघितलं.

"कशाला आला होतास?" ताईनं विचारलं.

"किल्ली विसरलो."

ताईनं त्याच्या फुगलेल्या खिशाकडे बघितलं आणि आपली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. एक किल्ली खिशात, एक हातात, असा तो घरी आला.

ताई संध्याकाळी आली. पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले, दोघांचा चहा केला. कप त्याच्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "पान आण."

त्यानं खोक्यातून घडी काढून दिली. तिनं ती उलगडली, गुडघ्यावर सारखी केली आणि बोट ठेवून वाचली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तेवढ्या वेळात चहावर साय धरली.

"ताई, मी चुकलो," तो म्हणाला.

"कुठे?"

"हे लिहिलं ते. तू मला सांगितलं नव्हतंस."

"नव्हतं सांगितलं. लिहायला नको होतंस, विचारायला हवं होतंस. त्याचा मला राग आलाच." ताई बोलायला लागली तशी तिची नजर पानावरच होती. "पण तिथे वाचलं ना, तेव्हा त्या बाया त्या कप्तानाच्या बायकोला हसल्या नाहीत रे. एकही हसली नाही. मी इतकी वर्षं घोरायचा, घोरायचा करत बसले, म्हटलं हसतील. माझ्या मनात आलं, घरी जाऊन याला म्हणावं, बरं लिहिलंस मेल्या. आणि मग बाजूला पडलेल्या माझ्या पुस्तकाकडे लक्ष गेलं." तिनं पानाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हे कुणाची लाज वाटून कापलंस? तुझी की माझी?"

 खरं उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचीच मान खाली घालण्याइतकी लाज वाटली. तो चहावरची साय बोटानं काढत बसला.

"हा लोखंड्या म्हणजे तू का?"

"हो."

"बरोबर बसवलास," ताई म्हणाली. हसली नाही, पण आवाज जरा सैल झाला. "आणि पुढे? येतो का हिचा नवरा?"

"येतो. मालिकेत येतो, म्हणून आणावा लागला."

"मग तेवढं वाचत नाही मी." तिनं खळ मागितली. त्यानं वाटीत पीठ कालवून आणलं. ताईनं पान जागेवर चिकटवलं, वर कपड्यांची इस्त्री ठेवली, आणि तरी जोड दिसायचा तो दिसतच राहिला.

त्यानंतर कितीतरी रविवार ताई बाहेरच्या खोलीत आलीच नाही. मालिकेचं दुसरं पर्व सुरू झालं होतं, मालकानं दुसरं पुस्तक मागितलं होतं. टेपवर आता नुसतं ठाण्याचं घूंऽऽ, कप्तानाची आरडाओरड आणि आतून येणारा भांड्यांचा आवाज. मालक पानं वाचून म्हणाला, "हे काय रे? आळणी झालंय." टायपिस्ट म्हणाला, "मला एवढंच येतं." आयुष्यात पहिल्यांदा मालकाला खरं सांगितलं त्यानं.

मग एका रविवारी ताई हात पुसत बाहेर आली. खुर्ची तिनं आपली आपण ओढली, टेपपासून लांब. पडद्यावर कप्तान एका थर्माकोलच्या दरीत लोंबकळत होता. बायको ठाण्यात, दाराशी. ताईनं स्टुलाकडे बोट केलं.

"चालू आहे का ते?"

टायपिस्ट उठला. बटण दाबलं. लाल दिवा विझला. एवढ्यानं समाधान होईना म्हणून वायर काढली आणि टेपरेकॉर्डर उचलून खाटेखाली ठेवला. ताईनं ते सगळं नीट बघून घेतलं. मग पडद्याकडे वळली आणि कप्तानाच्या बायकोला काहीतरी म्हणाली. लांबलचक, हळू आवाजात. भाऊ शेजारी बसलेला असताना म्हणाली.

टायपिस्ट ऐकत होता. आणि ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आलं की आपली बोटं मांडीवर हलताहेत. ती आपसूक शब्द धरत होती, एकेक, विसरू नयेत म्हणून. त्यानं चटकन दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.  ताईनं बघितलं की काय, म्हणून चोरून तिच्याकडे नजर टाकली.

तिनं बघितलं होतं. तशीच बोलत राहिली.